सारिकाले काही लागत नाही

पिंपळगाव राजात सारिका तायडेचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी सांगतात. पहिली, तिच्या अंगणवाडीतली फरशी अशी लख्ख असते की खाली सांडलेली खिचडी पोरं बिनधास्त उचलून खातात. दुसरी, ती कुणाकडे कधी काही मागत नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाली, पण शेजारणीच्या दारी साखरेची वाटी घेऊन गेलेली तिला कुणी पाहिलेलं नाही. साखर संपली तर घरच्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि तो तब्येतीला कसा चांगला असतो हेही वर ऐकून घ्यायचं. तिचा नवरा इंद्रभान, ज्याचं बसस्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्याला या दुसऱ्या गोष्टीचा फार अभिमान. चारचौघांत तो छाती काढून सांगतो, "आमच्या घरात मांगणं-बिंगणं काही नाही."

तिसरी गोष्ट लोकांना ठाऊक नाही. सारिका जळते. गावावर नाही, शेजाऱ्यांवर नाही, फक्त आपल्या धाकट्या बहिणीवर, मंजुश्रीवर. आणि जळते म्हणजे थोडंथोडकं नाही. मंजुश्रीचा फोन आला की आधी हिच्या पोटात दुखतं, मग ही "बोल मंजे" म्हणते, तेही इतकं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही माया. माया असतेच, खोटी नसते. पण जळणंही खरंच असतं, आणि ते सारिकाने आजवर कुणापाशी बोलून दाखवलेलं नाही.

सुरुवात झाली एका कागदाच्या पुडीपासून. वडील जानराव हिवराळे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. शाळा सातवीपर्यंत. सातवीची पोरं शाळा सोडून जायची त्या दिवशी गुरुजी प्रत्येकाच्या हातावर एक पुडी ठेवायचे. जुन्या उत्तरपत्रिकेचा चतकोर कागद, दोन्ही टोकांना पीळ, आणि आत सरकीचे पाच दाणे. पंचशीलाचे पाच. "जाशीन तथी उगवजो," एवढंच म्हणायचे. भाषण नाही, फोटो नाही. पण त्या पुड्या लोकांनी जपल्या. सुरतेला, पुण्याला गेलेल्या माणसांच्या पाकिटात त्या अजून सापडतात, आणि गुरुजी वारले तेव्हा मातीला आलेल्यांपैकी कितीतरी जण खिशातून पुडी काढून एकमेकांना दाखवत होते.

सारिका सातवी पास झाली त्या वर्षी वर्गात पोरं एकेचाळीस होती आणि पुड्या निघाल्या चाळीस. कुठं एक पडली कोण जाणे. सारिका ओळीत शेवटी उभी होती. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू तं घरचीच हायेस. तुले मंग देतो." ते मंग काही आलं नाही. गुरुजी विसरले. तिने आठवण करून दिली नाही. बारा वर्षांच्या पोरीला असं वाटत होतं की मागून घेतलेली पुडी ती काय पुडी. सहा वर्षांनी मंजुश्री सातवी पास झाली, तिला तिची पुडी वेळेवर मिळाली आणि तिने ती घरभर नाचवली. त्या दिवशी सारिकाने भांडी घासली ती जरा जास्तच आवाज करून.

पण बापाच्या डोळ्यांना हे दिसायचं नाही. त्यांना दिसायची ती शहाणी, समजदार, कधी हट्ट न करणारी थोरली. पाहुण्यांसमोर ते कौतुकाने सांगायचे, "मंजीले रोज काही ना काही पायजे. सारिकाले काही लागत नाही." हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं की पुढं तिला स्वतःलाही त्याच्या बाहेर पाय टाकता येईना. लग्न ठरलं तेही गावातलंच, दोन गल्ल्या सोडून. म्हणजे आईबापाचं दुखणंखुपणं, गहू दळून आणणं, रेशनच्या रांगा, सगळं सारिकाकडे. मंजुश्री नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली.

गुरुजी रिटायर झाले आणि त्यांनी निळी मारुती घेतली. वस्तीतली पहिली चारचाकी. रंग निळाच पाहिजे म्हणून महिनाभर थांबून आणलेली. ती आली त्या दिवशी सिंधूताईंनी, म्हणजे सारिकाच्या आईने, अख्ख्या वस्तीला बुंदी वाटली. मग सुट्टीत आलेल्या मंजुश्रीला गुरुजी शाळेच्या मैदानावर घेऊन गेले आणि गाडी शिकवायला लागले. सारिका कडेवर तान्हं पोर घेऊन कुंपणाशी उभी राहून पाहत होती. गुरुजी काचेतून ओरडत होते, "क्लच सोड, हळू सोड, शाब्बास वं माही बाई!" असं शाब्बास तिला कुणी म्हटल्याचं आठवत नव्हतं. मंजुश्रीने चार दिवसांत गाडी उचलली. सारिकाला कुणी विचारलं नाही, तुला बसायचं का. आणि तिनेही म्हटलं नाही, मला बसू द्या.

तिच्या वाट्याला काय आलं, तर धक्का. गाडी दोन वर्षांत बॅटरीचे नखरे करायला लागली. थंडीच्या दिवसांत सकाळी चालूच व्हायची नाही, आणि गुरुजी फाटकातून हाक मारायचे, "सारिकाले बोलवा!" ती कणकेच्या हाताने धावत यायची, पदर खोचायची आणि गाडी ढकलायची. गाडी भुर्रकन पुढं निघून जायची आणि ही धूर खात मागं उभी. ती गाडी तिने वर्षानुवर्षं ढकलली, चालवली मात्र एकदाही नाही.

मंजुश्रीला खामगावच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा गुरुजींनी गाडी तिच्या नावावर केली. ते सांगायला सारिकाच्याच घरी आले, तिच्याच हातचा चहा घेत बसले. "मंजीले रातीबेराती ड्युटीले जा लागते. तुले काय, तुले तं काही लागत नाही."

"हाव बाबा," सारिका म्हणाली आणि बशी उचलून आत गेली.

तीन वर्षांपूर्वी गुरुजींना छातीत कळ आली. त्यांना त्याच गाडीतून नांदुऱ्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले. भेटीला आलेली मंजुश्री चालवत होती. सारिका मागच्या सीटवर वडलांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजींचे डोळे मिटत होते, उघडत होते, आणि उघडले की समोर आरशात मंजुश्रीला शोधत होते. तशा वेळीसुद्धा सारिकाच्या मनात आलं, इथंही तीच दिसते यांना. तिची तिला इतकी लाज वाटली की नंतर न्हाणीघरात जाऊन तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. गुरुजी नांदुऱ्याच्या अलीकडेच गेले.

गेल्या ऑक्टोबरात, धम्मचक्र दिनाला नागपूरला जाऊन परत येताना मंजुश्री पिंपळगावला थांबली आणि तिने सांगितलं की तिला न्यूझीलंडच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. नवरा धम्मदीप आणि लेक काजल यांना घेऊन ती कायमची चालली. सिंधूताई रडायला लागल्या. सारिकाच्या पोटात ठरल्याप्रमाणे दुखायला लागलं. पण दुखता दुखता एकदम थांबलं, कारण तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मंजी जाते, गाडी राहते. दुसरं आहेच कोण? गाडी आपोआप आपल्याकडे येणार. मागायचीसुद्धा गरज नाही. त्या संध्याकाळी फाटकापाशी मंजुश्री इंद्रभानला हळू आवाजात काहीतरी विचारत होती आणि तो हसून हात हलवत होता. सारिकाने ते ओट्यावरून पाहिलं. तिला वाटलं, जायच्या-यायच्या गाडीघोड्याचं बोलत असतील.

आणि मग अंगणवाडीच्या मीटिंगा अचानक वाढल्या. आठवड्यातून चार-चार. खरं म्हणजे सारिका त्या वेळी खामगावात एका ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत बसून क्लच सोडत होती. शिकवणारा तिच्यापेक्षा अर्ध्या वयाचा, तिला "मावशी, ब्रेक, मावशी, ब्रेक" म्हणून ओरडायचा. दोनदा कुंपणात गेली, एकदा म्हशीजवळून अशी गेली की शिकवणाऱ्याने डोळेच मिटले. पण डिसेंबरात पोस्टाने लायसन आलं. तिने ते इंद्रभानलाही दाखवलं नाही. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं, आणि रोज तांदूळ काढताना बोटांनी चाचपून घ्यायची. गाडी दारात येईल, मंजी किल्ली पुढं करील, इंद्रभान म्हणेल तुले कुठं येते, आणि मग आपण डब्यातून काढून दाखवू. हे सगळं तिने मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की ते होऊन गेल्यासारखंच वाटायचं.

जानेवारीत मंजुश्री आली ती निळी गाडी घेऊन, आणि ओट्यावर बसून म्हणाली, "गाडी नेऊन राह्यलो आम्ही संग."

"कुठी?" सारिकाने विचारलं.

"न्यूझीलंडले. जहाजानं."

इंद्रभान खो-खो हसला. "अवं मंजे, गाडीच्या किमतीपेक्षा जहाजाचं भाडं जास्त. तथी गाड्या भेटत नाहीत का?"

"भेटतात नं भाऊजी. बाबाची नाही भेटत," मंजुश्री म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. तिकडेही आपल्यासारखंच उजव्या बाजूला स्टिअरिंग. राहायला जाणाऱ्या माणसाने वर्षभर तरी स्वतःच्या नावावर वापरलेली गाडी असली की तिला सवलती आहेत. इथल्या आरटीओत गाडीचं नाव कापून घ्यायचं, म्हणजे नोंदणी रद्द, तो कागद घ्यायचा आणि गाडी कंटेनरमध्ये भरून मुंबईहून रवाना. रेशनकार्डातून पोरीचं नाव कापतात ना लग्न झाल्यावर, तसंच.

सारिकाने सगळं ऐकलं. मध्ये एकदा ती आत जाऊन पाणी पिऊन आली. तिच्या अंगाची नुसती लाही होत होती. बाबा नेले, शाब्बासकी नेली, पुडी नेली, आता पत्रासुद्धा सोडत नाही ही. साता समुद्रापलीकडे घेऊन चालली. अन् मी आहे इथं, आईच्या गोळ्या मोजायला.

"एक काम हाये पण तुह्याकडे, ताई," मंजुश्री म्हणाली आणि तिने मुंबईच्या एजंटला फोन लावून आवाज मोठा केला.

एजंट शुद्ध मुंबईच्या मराठीत सांगत होता. "मॅडम, तिकडचे लोक शेतीच्या बाबतीत फार कडक आहेत. गाडीत मातीचा कण नको, पालापाचोळा नको, किडामुंगी नको. बी-बियाणं तर अजिबात नको. आमची माणसं धुतीलच, पण तुम्ही आधी आतून नीट काढून घ्या. उगाच एखादा दाणा निघाला तर प्रकरण वाढतं. पुन्हा साफ करायला लावतात. अगदीच काही असलं तर गाडी परत पाठवू शकतात."

यातलं बाकीचं सगळं मंजुश्रीने ऐकलं. सारिकाने शेवटचे चारच शब्द ऐकले.

"तुह्यासारखं कोणी साफ करत नाही वं," मंजुश्री म्हणाली.

तीन दिवस सारिका त्या गाडीत होती. आधी मंजुश्रीने ती वॉशिंग सेंटरवरून खालून-वरून प्रेशरने धुवून आणली आणि आईच्या अंगणात टिनाच्या शेडमध्ये उभी केली. मग सारिकाने सीटा सोडवल्या. दात घासायचा ब्रश, सुई, ओलं फडकं, आणि शेजारच्या टेलरकडून आणलेला नव्हे, स्वतःच्या घरचाच चिमटा. पंधरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. शेंगदाण्याची टरफलं, तुरीची डाळ, काजलची टिकली, एसटीचं तिकीट, काळी माती जिथं तिथं. पेडलखाली तिला खडूचा एक तुकडा सापडला, तो मात्र तिने केरात टाकला नाही, ब्लाउजमध्ये ठेवला. काम तिने चोख केलं. जळत होती म्हणून हात आखडता घेतला नाही. उलट जितकी जळत होती तितकी घासत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुश्री कागदांच्या झेरॉक्स काढायला खामगावला निघाली. निघताना गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि बहिणीच्या खांद्याला हात लावला. "शोरूममधून काढल्यावाणी केली वं ताई! तुह्यासाठी काय पाठवू तिकडून? सांग." सारिकाने तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मंजुश्री स्वतःच हसली आणि म्हणाली, "तुले काय इचारा लागते. तुले तं काही लागत नाही." आणि गेली.

सारिका शेडमध्ये तशीच उभी राहिली. आत सिंधूताई झोपल्या होत्या. कोपऱ्यात बकरीसाठी आणलेलं सरकीचं पोतं होतं, तोंड उघडं. सारिका पोत्यापाशी गेली आणि तिने मूठ भरली.

मागची गादी उचलली की खाली पत्र्याला एक गोल भोक आहे, आत दोन पत्र्यांमधली पोकळी आणि भोकाला रबरी बूच, हे तिला आता या गाडीच्या मालकिणीपेक्षा चांगलं माहीत होतं. बूच काढून तिने दाणे सोडले असते, पण सुटे दाणे घरंगळून खडखडले असते, मुंबईच्या माणसांनी लगेच काढले असते. म्हणून ती आत गेली आणि फडताळात जी जुन्या कागदांची चळत होती, सिंधूताई लाडवांपासून चिवड्यापर्यंत सगळं ज्यात बांधायच्या, त्यातला एक कागद तिने ओढला. त्याचा चतकोर फाडला. त्यावर दाणे ठेवले. मूठभर ठेवायचे होते, पण बोटं पाचावर थांबली. का थांबली याचा तिने विचारही केला नाही. दोन्ही टोकांना पीळ दिला, पुडी भोकात सारली, बूच दाबून बसवलं, वर गादी टाकली. उरलेली सरकी बकरीपुढं टाकली.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. ये म्हणावं परत.

गाडीचं नाव कापलेलं, त्यामुळे ती रस्त्याने चालवत नेता येईना. मुंबईहून ट्रक आला. फळी लावली आणि मंजुश्रीने किल्ली फिरवली, तर गाडी गप्प. बॅटरी उतरलेली. मंजुश्रीने काचेतून डोकं बाहेर काढलं. "ताई, जरा धक्का दे नं वं!" सारिकाने पदर खोचला, दोन्ही हात निळ्या पत्र्यावर ठेवले आणि ढकलली. इंद्रभान आणि ट्रकवालाही लागले. गाडी फळीवरून वर चढली. ट्रक नांदुऱ्याच्या रस्त्याला लागला आणि सिंधूताई पदराने डोळे पुसत बसल्या. आठवड्याने मंजुश्रीही विमानाने गेली.

पुढचे दोन महिने सारिकाने शेड रोज झाडली. सिंधूताईंना वाटलं, पोरगी रिकाम्या जागेकडे पाहून कष्टी होते. इंद्रभानला तिने एकदा सहज म्हणून विचारलं, "तथून समजा गाडी वापस आली तं?"

"आली तं काय, भंगार. नाव कापेल गाडी रोडवर चालते का?" तो म्हणाला आणि जेवायला लागला.

भंगार तर भंगार. शेडमध्ये उभी राहील, आत जाऊन बसता येईल, स्टिअरिंगला हात लावता येईल. मंजुश्री तिकडून फोटो पाठवायची. समुद्र, हिरव्या टेकड्या, घरापुढं गवत. सारिका प्रत्येक फोटोखाली फुलं टाकायची आणि मनात म्हणायची, गाडी नाही दिसत कुठं, थांब.

मार्च संपता संपता, सकाळी, अंगणवाडीला जाण्याआधी सारिका आईला गोळ्या द्यायला आली होती, तेव्हाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार झालेली. मंजुश्री रडत होती आणि हसतही होती, धड काही कळेना.  सारिकाने फोन आईला दिसेल असा धरला.

"आई, गाडीत दाणे सापडले!"

"अवं माय! मंग?" सिंधूताई उठून बसल्या. "वापस देतात का आता?"

"नाही वापस. पुन्हा साफ करतात, दवा मारतात, दहा-बारा दिवस लागन. सोड ते. आई, ऐक तं. तपासणीच्या साहेबानं मागची सीट उचलली, बूच काढलं, अन् आतून पुडी निघाली. पुडी! बाबाची! मले बोलावलं अन् टेबलावर उघडून दाखवली. पाच दाणे व्हते, आई. अन् कागदावर बाबाच्या लाल शाईची खूण."

 लाल शाई सारिकाने पाहिलीच नव्हती. ती चळत बाबांच्या जुन्या उत्तरपत्रिकांची आहे हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि नेमकं त्या दुपारी ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मंजुश्री बोलतच होती. "बाबाले माहीत असन, आई, का मी कधी तरी दूर जाईन. म्हणून ठेवली असन गाडीत. माह्यासाठी. साहेब म्हणे हे जाळा लागते, म्या म्हटलं जाळा, पण फोटो काढू द्या. मी तथीच रडली वं. त्यालेही वाईट वाटलं."

सिंधूताईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून धार लागली होती. "मरून बी पोरीले देऊन गेला बाप. कसा जीव व्हता तुह्यावर, मंजे."

सारिकाने आईकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या बहिणीकडे. गप्प बसायचं, बस. एवढंच करायचं होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. चोरी पचली होती, गाडीही बहिणीला मिळणार होती, आई सुखाने रडत होती. पण तिच्या पोटातून ते वर आलं, आणि ती लाज नव्हती, पश्चात्तापही नव्हता. जळणंच होतं ते. पुन्हा मंजीलाच पुडी. माझ्या हातचे दाणे, माझ्या हातचा पीळ, आणि पुडी पुन्हा मंजीलाच. हे मात्र तिला सोसेना.

"बाबानं नाही ठेवली," ती म्हणाली. "म्या ठेवली."

पलीकडे मंजुश्रीचं रडणं थांबलं. "काय?"

"म्या ठेवली पुडी. बकरीची सरकी व्हती ते. गाडी वापस या पायजे म्हणून ठेवली."

"सारिका!" सिंधूताई ओरडल्या. तिने आईकडे पाहिलं नाही.

"काऊन वं, ताई?" मंजुश्रीचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मले पायजे व्हती गाडी." हे शब्द तोंडातून काढायला तिला इतकी वर्षं लागली, आणि निघाले तर असे, साखरेच्या वाटीसारखे साधे. "लायसन काढलं म्या. खामगावले जाऊन. तांदळाच्या डब्यात हाये. मले वाटलं तू चालली तं गाडी मलेच देशीन."

 मंजुश्रीने ओढणीने नाक पुसलं. मग म्हणाली, "मंग मांगली काऊन नाही? म्या तं इचारलं व्हतं. ऑक्टोबरात, फाटकापाशी, भाऊजीले. म्हटलं, ताईले देऊन जाऊ का गाडी, तिले लागन का. ताईले इचारलं तं ती नाहीच म्हणन, म्हणून तुमालेच इचारतो. भाऊजीनं हाव म्हटलं असतं तं म्या कशाले नेली असती, ताई? कोणाच्या भरवशावर सोडू म्हणून नेली म्या. तुह्याजवळ ठेवून गेली असती नं."

"मंग? काय म्हणले ते?"

"हसले. म्हणले, सारिकाले काही लागत नाही."

बाहेर शेडमध्ये बकरी ओरडत होती. सिंधूताई कधी मोठीकडे पाहत होत्या, कधी फोनकडे. अंगणवाडीची वेळ होऊन गेली होती. सारिकाने फोन आईच्या हातात दिला, गोळ्यांची डबी बंद करून फडताळात ठेवली, चपला घातल्या आणि उंबऱ्यापर्यंत गेली. तिथून ती परत फिरली आणि आईच्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये पाहिलं. मंजुश्री अजून तिथंच होती.

"मंजे, त्या पुडीचा फोटो पाठव," ती म्हणाली. "आईले नको पाठवू. मले पाठव."